भांड्यावर नाव कोणाचे? माया लोकांची चित्रित मातीची भांडी

आपल्या घरातल्या मांडणीवर एकदा नजर टाका. स्टीलचा डबा असो, पितळी तांब्या असो की परात असो, काठाशी बारीक ठिपक्यांची अक्षरे सापडतीलच. ‘मंगल परिणयाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’, त्याखाली देणाऱ्याचे नाव, गाव, तारीख. भांड्यांच्या दुकानात पोऱ्या मशीन चालवून दोन मिनिटांत नाव घालून देतो. आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोणते भांडे थोरल्या मामाकडचे आणि कोणते मिलमधल्या मित्रमंडळींकडचे, हे ती अक्षरांच्या आकारावरून अचूक सांगत असे. शेजारी काही मागून नेले की परत आलेले भांडे ती आधी उलटसुलट करून नाव पाही आणि मगच मांडणीवर ठेवी.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या अशाच नाव घातलेल्या भांड्यांची हकिकत आमच्या वाचनात आली. ती भांडी आपल्याकडची नव्हेत. पार समुद्रापलीकडच्या, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची ती भांडी. मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिम भाग हा त्यांचा मुलूख. इसवी सन २५० ते ९०० हा त्यांच्या नगरांचा भरभराटीचा काळ मानतात. म्हणजे आपल्याकडे अजिंठ्याच्या भिंतींवर पाचव्या शतकात कुंचला फिरत होता, तेव्हा तिकडेही चितारी कामात गढलेले होते. फरक एवढाच, की त्यांची भिंत ओंजळीत मावणारी होती. वीत-सव्वा वीत उंचीचा, उभ्या नळकांड्यासारखा मातीचा पेला, आणि त्याभोवती गोल फिरणारे चित्र.

चाक नाही, काच नाही

माया कुंभाराकडे चाक नव्हते. आपला कुंभार चाकाला काठीने गती देतो आणि बघता बघता मडके वर उचलतो. तो प्रकार त्यांच्याकडे नाही. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक बसवायच्या, हाताने जोडून आत-बाहेर गुळगुळीत करायच्या. भाजताना तडा जाऊ नये म्हणून मातीत चुनखडीची भुकटी, ज्वालामुखीची राख किंवा जुन्या खापराचा चुरा मिसळायचा. एवढी सरळ, पातळ, गोल भांडी नुसत्या हाताने कशी उभी केली असतील, असे छायाचित्रे पाहताना राहून राहून वाटते.

रंग म्हणजे तरी काय? निरनिराळ्या मातीच पाण्यात कालवून पातळ केलेल्या. लोहयुक्त मातीचा तांबडा आणि नारिंगी, शिवाय काळा आणि सायीसारखा पांढरट. वर काचेचा मुलामा नाही. चमक येते ती घोटून घोटून. आच फार लावता येत नसे, कारण चुनखडी जास्त तापली की भांडे फुटते. प्रसिद्ध माया निळा रंग नीळ आणि एक प्रकारची पांढरी माती यांच्यापासून होई. तो भाजलेल्या भांड्यावर चुन्याचा पातळ गिलावा देऊन नंतर लावलेला दिसतो. चिताऱ्याची दौत म्हणजे कापलेला शंख. अशा दौती हाती धरलेले आणि कुंचले डोक्यावरच्या फेट्यात खोचलेले चितारी त्या भांड्यांवरच रंगवलेले आहेत. आपला सुतार कानावर पेन्सिल ठेवतो, तसेच म्हणायचे.

आत काय होते?

या पेल्यांतून ते काय पीत? कोको. पण आजच्या चॉकलेटची गोडी डोळ्यांसमोर आणू नका. साखर तिकडे नव्हती आणि दूधही नव्हते. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून पाट्यावर वाटत आणि पाण्यात कालवत. त्यात कधी मक्याचे पीठ, कधी मिरची, कधी मध. सगळी प्रतिष्ठा होती ती फेसाला! फेस आणण्यासाठी एका उंच भांड्यातून खालच्या भांड्यात धार धरून ओतायचे. आपल्या नाक्यावरचा चहावाला दोन भांड्यांत चहा उंचावरून ओततो, अगदी तसे.

हे आम्ही मनाने सांगत नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात एक माया पेला आहे, साधारण इ. स. ६७० ते ७५० मधला. त्यावर एक बाई उभी राहून नेमके हेच करताना रंगवली आहे. तिच्या पलीकडे मोठा देखावा आहे. घुबडाची टोपी घातलेला एक म्हातारा देव सिंहासनावर बसून समोरच्या तरुण स्त्रीच्या मनगटाला कंकण बांधतो आहे. सिंहासनाच्या खाली एक ससा मांडी घालून, जग्वारच्या कातड्याची बांधणी असलेली वही उघडून, भराभरा लिहीत बसला आहे. होय, ससा! आणि दुसऱ्या बाजूला दोन मुखवटेधारी एका बांधलेल्या माणसाचा शिरच्छेद करीत आहेत. म्हाताऱ्या देवाचे तिकडे लक्षही नाही. बायकांपैकी एकीने मात्र दुसरीच्या पायाला हात लावून तिला खुणावले आहे, की अगं, तिकडे बघ. चिताऱ्याने एवढ्या गर्दीत ती बोटे विसरली नाहीत, याचे आम्हाला फार कौतुक वाटले.

अशा नळकांड्या भांड्याचे चित्र एका नजरेत दिसत नाही. पेला फिरवावा लागतो. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार जस्टिन केर यांनी १९७० च्या दशकात एक खास कॅमेरा बनवला. फिरत्या चकतीवर भांडे हळूहळू फिरते आणि त्याच वेगाने फिल्म सरकत राहते. सगळा देखावा एका लांब पट्टीत उलगडून येतो. जगभरच्या अभ्यासकांनी ही भांडी वाचली ती बहुतांशी या पट्ट्यांवरून, आणि आम्हीही ती तशीच पाहिली आहेत.

काठावरची अक्षरे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या भांड्यांच्या काठाखाली चित्राक्षरांची एक पट्टी असते. बराच काळ मोठमोठ्या पंडितांचे मत असे होते, की ही नुसती नक्षी आहे. इंग्लंडचे एरिक टॉम्पसन म्हणजे या विषयातले त्या काळचे सर्वात वजनदार नाव. त्यांचेही म्हणणे हेच, की भांडी रंगवणारे हे निरक्षर कारागीर; दिसायला चांगली म्हणून त्यांनी अक्षरे कशीही उतरवली. मडकी करणाऱ्याला अक्षर कुठून येणार, हा विचार. तो विचार ऐकला, की आपल्या वाचकांना काय आठवेल ते आम्ही सांगायला नको.

अमेरिकन अभ्यासक मायकेल को यांनी न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनासाठी बरीच भांडी एकत्र आणली आणि ती ओळीने पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की तीच चिन्हे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. १९७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांचा तर्क असा, की हा मृतासाठी म्हणायचा काही मंत्र असावा, कारण बहुतेक भांडी थडग्यांतली. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड स्टुअर्ट, स्टीफन ह्यूस्टन, निकोलाय ग्रुबे, बार्बरा मॅक्लाउड वगैरे तरुण मंडळींनी एकेक चिन्ह सोडवले. चिन्हांना ध्वनी असतात, ही किल्ली १९५२ मध्येच लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्ह यांनी दिली होती. आणि मंत्राऐवजी निघाले काय? हे अमक्याचे पिण्याचे भांडे आहे, कोकोसाठी आहे, अमक्याने रंगवले. मालकाचे नाव, त्याचे बिरुद. थाळी असेल तर थाळी असे लिहिलेले, मक्याच्या पेजेचा वाडगा असेल तर पेजेचा वाडगा. म्हणजे आमच्या आईच्या मांडणीवरचीच अक्षरे!

कोको हा शब्द त्यांनी लिहिला तो ‘काकाव’ असा, माशाच्या चित्राने. माशाचे चिन्ह म्हणजे ‘का’. हे वाचन बरोबर की चूक, याची परीक्षाही झाली. ग्वाटेमालाच्या रिओ अझुल येथे १९८४ मध्ये न लुटलेले एक थडगे उघडले. त्यात पाचव्या शतकातले एक भांडे होते. वर कमानीसारखी मूठ, आणि झाकण असे, की बरणीसारखे फिरवून घट्ट बसावे. त्यावरच्या चिन्हांत स्टुअर्ट यांनी कोको वाचला. तळाशी चिकटलेली भुकटी अमेरिकेतल्या हर्शे या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. तिच्यात थिओब्रोमाइन आणि कॅफीन सापडले. त्या मुलखात दोन्ही द्रव्ये एकत्र देणारी वस्तू म्हणजे कोकोच. १९९० मध्ये हा निष्कर्ष छापून आला. पंधराशे वर्षांनंतर झाकणाखालच्या खरकट्याने भांड्यावरच्या अक्षरांची साक्ष दिली.

नाव घातलेले भांडे दुसऱ्याच्या घरी सापडणे हाही आपल्या ओळखीचा प्रकार. नारांहो नावाच्या नगराचा राजा काक तिलिव चान चाक इ. स. ६९३ मध्ये गादीवर आला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. खरा कारभार बहुधा त्याची आई पाहत असे. या राजाचे नाव घातलेला, नाचणाऱ्या मक्याच्या देवाचे चित्र असलेला पेला १९८८ मध्ये बेलीझमधल्या ब्वेनाविस्ता येथे एका तरुणाच्या थडग्यात सापडला. चोरीचा माल नव्हे. मोठ्या राजाने लहान सरदाराच्या घराण्याला दिलेला आहेर असावा, असे अभ्यासक मानतात. मेजवानी द्यायची, कोको पाजायचा आणि पेलाही देऊन टाकायचा, म्हणजे उपकार घरात मांडून राहतो.

आणि चितारी? तोही निरक्षर कारागीर नव्हता. लिहिणे आणि चित्र काढणे यांना माया भाषेत एकच शब्द आहे, ‘त्सिब’. आपल्याकडेही जुन्या बोलीत चित्र ‘लिहीत’ असत. नारांहोच्याच दरबारातल्या अह माक्साम नावाच्या चिताऱ्याने आपल्या कामावर सही केली आहे आणि आईबापांची नावेही घातली आहेत. तो राजघराण्यातला मुलगा होता. पाणकमळांच्या चित्रांचा त्याचा एक पेला शिकागोच्या कला संग्रहालयात आहे.

हे वाचून आधी आम्हाला बरे वाटले, की पंडितांचे नाक कापले गेले. मग थोडे थांबून विचार केला. टॉम्पसन यांना वाटे की हात अडाणी होते. निघाले ते हात राजपुत्राचे. पण माती खणून, मळून, वळ्या जोडून भांडे उभे करणारा हात कोणाचा? मालकाचे नाव आहे, चिताऱ्याचे आहे. भांडे घडवणाऱ्याचे नाव आमच्या वाचनात कुठे आले नाही. आणि कोको पिकवणाऱ्याचे? बोनामपाक येथील आठव्या शतकातल्या भित्तिचित्रात सिंहासनाजवळ एक पोते रंगवले आहे. त्यावर मोजमापच लिहिले आहे: आठ हजारांचे पाच, म्हणजे ४०,००० कोकोच्या बिया. पेल्यांवरही अशी खंडणीची पोती आणि कापडाच्या घड्या दरबारात येऊन पडलेल्या दिसतात. पुढे याच बिया तिकडे नाण्यांसारख्या चालत. म्हणजे राजा फेसाळ कोको पीत होता, तेव्हा एका परीने पैसाच पीत होता!

आणखी एक गोष्ट. बऱ्याच भांड्यांच्या काठावर अक्षरांसारखी दिसणारी पण कशाचाच अर्थ नसलेली चिन्हे आहेत. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने ती काढली, आणि ज्याला वाचता येत नव्हते त्याने ती हौसेने विकत घेतली किंवा घरात मिरवली असावी. अभ्यासक यांना खोटी अक्षरे म्हणतात. आम्हाला हा शब्द पटत नाही. ज्या समाजात अक्षर मूठभर घराण्यांच्या हाती होते, तिथे एखाद्याने आपल्या भांड्यावर अक्षराचा आकार तरी उमटवून घेतला. आकारावरून मामाचे भांडे ओळखणारी आई ज्याने पाहिली आहे, तो त्या आकाराला खोटा म्हणणार नाही.

गरिबाच्या घरी रंगीत भांडी नव्हतीच असेही नाही. एल साल्वादोरमधले होया दे सेरेन हे साधे शेतकऱ्यांचे गाव. सातव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली ते जसेच्या तसे गाडले गेले. १९७६ मध्ये बुलडोझरचे काम चालू असताना ते उजेडात आले. माणसे बहुधा पळून वाचली. भांडी जागच्या जागी राहिली. एकेका घराच्या आवारात सत्तरच्या आसपास भांडी, आणि त्यांत सुंदर चित्रित भांडीही. शेतकऱ्याच्या बायकोने ती काहीतरी देऊन बाजारातून आणली असतील. नाव घातलेले राजांचे पेले संग्रहालयात काचेआड गेले. सेरेनच्या भांड्यांत मात्र कुठे कुठे अजून धान्य होते.

पोथ्या जळाल्या, भांडी उरली

माया लोकांकडे झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या, घडीच्या पोथ्या होत्या. ती सशाच्या हातातली वही आठवा. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधील मानी गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने सत्तावीस पोथ्या आगीत टाकल्या. ती होळी पाहून लोकांना अतोनात दुःख झाले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आश्चर्य असे, की त्याच लांदाने नंतर माया चिन्हांचे जे टिपण केले, त्याच्याच आधारे क्नोरोझोव्ह यांना लिपीची किल्ली सापडली. आज साऱ्या जगात माया पोथ्या उरल्या आहेत चार. तीन युरोपात: ड्रेस्डेन, पॅरिस आणि माद्रिद येथे. चौथी मेक्सिकोत असून ती अस्सल असल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. या चारही पोथ्या नगरांच्या भरभराटीनंतरच्या. त्या आधीचे कागद मिळाले ते थडग्यांत चुरा होऊन. म्हणून आठव्या शतकातला माया माणूस काय लिहीत होता, काय गोष्टी सांगत होता, हे पाहायचे तर दगडी शिलालेख आणि ही भांडी. दगडावर राजांच्या लढाया आणि राज्यारोहणे आहेत. ससा, कंकण, पायाला लागलेली बोटे भांड्यांवरच आहेत. बोस्टनच्या संग्रहालयात एक थाळी आहे, तिच्यावर फुटलेल्या कासवाच्या पाठीतून मक्याचा देव वर येतो आणि त्याचे दोन मुलगे दोन्ही बाजूंना उभे आहेत. त्याच घराण्याची कथा पुढे सोळाव्या शतकात किचे माया लोकांनी ‘पोपोल वूह’ या ग्रंथात, रोमन लिपीत का होईना, लिहून ठेवली.

जे आगीतून वाचले ते कुदळीतून वाचले नाही. १९६० च्या दशकापासून ग्वाटेमालाच्या पेतेन जंगलात थडगी फोडणाऱ्यांच्या टोळ्या फिरू लागल्या. रिओ अझुल येथे तर १९८१ पर्यंत चर खणून कित्येक थडगी साफ केली गेली होती. वर सांगितलेले झाकणाचे भांडे त्यातून सुटलेले. संग्रहालयांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत असलेल्या बहुतेक उत्तम पेल्यांची हीच कुळकथा आहे. कोणत्या नगरातून आले, कोणाच्या उशाशी होते, शेजारी काय होते, काही माहीत नाही. ती माहिती बाजारात विकली जात नाही, म्हणून खणणारा ती मातीत टाकून जातो. खणणारा बहुधा पोटासाठी खणणारा गरीब शेतमजूर असतो, आणि पुष्कळदा माया वंशाचाच. मोठा पैसा पुढच्यांना. अमेरिकेने १९९१ मध्ये पेतेनच्या वस्तू आणण्यावर तातडीची बंदी घातली आणि १९९७ मध्ये ग्वाटेमालाशी करार केला.

माया लोक नाहीसे झाले, असे शाळेच्या पुस्तकांत वाचलेले पुष्कळांना आठवत असेल. ते साफ चूक आहे. त्यांची लाखो लेकरे आजही आपापल्या माया भाषा बोलतात. ग्वाटेमालातील १९६० ते १९९६ च्या यादवीत दोन लाखांवर माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते, असे १९९९ च्या सत्यशोधन आयोगाने नोंदवले. त्या यादवीच्याच काळात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, लिंडा शीले आणि निकोलाय ग्रुबे ग्वाटेमालात जाऊन माया तरुणांसाठी लिपीचे वर्ग घेऊ लागले. आपल्याच आजोबा-पणजोबांची अक्षरे त्यांना परदेशी माणसांकडून शिकावी लागली खरी. पण भाषा त्यांची घरची होती. मेक्सिकोतील चियापासमध्ये आमातेनांगो गावच्या त्सेल्ताल माया बाया आजही चाकाशिवाय, हाताने भांडी घडवतात आणि उघड्यावर लाकडे रचून भाजतात.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एका बाईने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक मातीचे भांडे घेतले. किंमत तीन डॉलर नव्व्याण्णव सेंट. पर्यटकांसाठी केलेली नक्कल असेल म्हणून तिने ते काही वर्षे घरात ठेवले. पुढे ती मेक्सिकोला गेली, तिथल्या मानवशास्त्र संग्रहालयात फिरताना तिला तसलीच भांडी काचेआड दिसली आणि ती थबकली. चौकशी केली. भांडे खरे निघाले, इ. स. २०० ते ८०० मधले माया भांडे. २०२४ मध्ये तिने ते मेक्सिकोच्या वकिलातीत नेऊन दिले. तिथून ते आपल्या मुलखाकडे परत निघाले.